बाबांना आणायला लागणारी गाडी

३ मार्च, रविवार

गाडी गेली. ट्रेलर मागे लटकलेला, समोर चढ, आणि आधी करपल्यासारखा वास आला. मग बॉनेटखालून धूर. मग इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी हळूहळू उलटी मागे. मी हँडब्रेक ओढला, उतरले, चाकांमागे दगड लावले. बाबा टोपी मांडीवर ठेवून शेजारच्या सीटवर बसून होते.

"क्लच जळाला," ते म्हणाले.

"मला वाटलं, कुणी टायर भाजतंय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तू दमलीस."

"छे, मजा आली," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

लोकांना वाटतं, विमान आकाशात असतं. आमचं विमान बहुतेक वेळ माझ्या मागे रस्त्यावर असतं. ग्लायडरला इंजिन नसतं. दोरीने ओढून वर सोडतात, मग वर चढणाऱ्या गरम हवेच्या जिवावर तरंगत राहायचं. ती हवा हरवली आणि ग्लायडिंग क्लबच्या मैदानापर्यंत पोचता आलं नाही, की खाली जे मोकळं शेत दिसेल त्यात उतरायचं. मग कुणीतरी ट्रेलर घेऊन जायचं, पंख काढायचे, सगळं त्या लांबलचक पेटीत भरायचं आणि परत आणायचं. कुणीतरी म्हणजे मी. आईनंतर, आणि माझं लग्न मोडून मी या घरात परत आल्यापासून, दर रविवारी मीच.

बाबा चौऱ्याहत्तरचे. आयुष्यभर इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या. वर नेणाऱ्या हवेलाही हे लोक लिफ्टच म्हणतात, त्यामुळे "नोकरी सुटली पण लिफ्ट सुटली नाही" हा त्यांचा विनोद क्लबात प्रत्येक नव्या माणसाला ऐकावा लागतो. हल्ली तो विनोदही ते करत नाहीत. आणि हल्ली त्यांना मैदानापर्यंत परत येणं जमतच नाही. जवळजवळ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शेतात. वयाचा परिणाम. मी त्यांना तसं म्हणत नाही.

गाडी आता दुरुस्तीच्या पलीकडे आहे असं मेकॅनिक म्हणाला. दुसरी शोधायला हवी. शोधणार अर्थात मीच.

५ मार्च, मंगळवार

मॅडमनी आज दुपारी बोलावून घेतलं. मी कानांच्या तपासणीच्या केंद्रात काम करते. एका जाड भिंतींच्या खोक्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर. बरीच माणसं आवाज आला नाही तरी दाबतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. मला ते लगेच कळतं.

मॅडम म्हणाल्या, "समुद्राकाठच्या शहरात नवं केंद्र उघडतोय. तू ते चालवावंस असं मला वाटतं. तिथेच राहावं लागेल."

मी टेबलावरच्या फायली सारख्या करत बसले. त्यांना वाटलं, विचार करतेय. म्हणाल्या, "एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सांग."

विचार कसला करायचा? मी गेले तर बाबांना शेतातून कोण आणणार? उडणं बंद झालं तर या माणसाजवळ उरतं काय? खुर्ची आणि रेडिओ. ताई तीन मुलांत बुडालेली. मी घरी काही बोलले नाही. बाबांना कळलं तर उगाच म्हणतील, जा. आणि मग आयुष्यभर खुर्चीत बसतील, माझ्यामुळे.

संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून गाड्यांच्या जाहिराती वाचल्या. त्यांनी विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुमचं?"

"काही नाही."

९ मार्च, शनिवार

जुन्या गाड्यांचा बाजार. विकणारा भला माणूस, पण तोंडाला खीळ नाही. "ओढायचंय म्हणजे काय, बोट? घोडा?"

"विमान," मी म्हणाले.

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा मान खाली घालून एका टायरला पायाने ढोसत होते.

मी आठवडाभर वाचून काढलंय. गाडी ट्रेलरपेक्षा चांगली वजनदार हवी, नाहीतर शेपूट कुत्र्याला हलवतं. किती ओढता येईल ते दाराच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं, विकणाऱ्याच्या तोंडावर नाही. मागची चाकं आणि हूक यांच्यात अंतर जितकं कमी तितकं बरं. ओल्या गवतातून बाहेर यायचं तर चारही चाकांना जोर हवा. आणि क्लच असा, की चढावर रिव्हर्स घेताना जळणार नाही. विकणारा म्हणाला, "ताई, तुम्ही गाडी घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?"

पहिली बाबांना पसंत नाही: मागची काच लहान. दुसरी: सीट उंच. तिसरीला कारणच सांगितलं नाही, नुसतं "हं" केलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

एका कोपऱ्यात छोटी दोन दारांची निळी गाडी होती. पाय मोकळे करायला म्हणून मी तिच्यात बसले. स्टिअरिंग हातात कसं हलकं फिरत होतं. आत एकाच माणसाचं सामान मावेल एवढीच जागा. क्षणभर डोळे मिटले. उघडले तर बाबा खिडकीशी.

"ही बघूया का?" त्यांनी विचारलं.

"ही काय ओढणार, हातगाडी? दारावर स्पष्ट लिहिलंय, मागे काहीही जोडू नये."

"हो का," ते म्हणाले, आणि लांब जाऊन उभे राहिले. यांना आता पट्टीवरचं साधं वाचणंही नको झालंय. सगळं माझ्यावर.

१७ मार्च, रविवार

बसने क्लबात गेलो. गाडी नाही, तर नाना म्हणाले माझी वापरा. नाना क्लबातले सगळ्यांत जुने शिक्षक, बाबांच्याच वयाचे. आता स्वतः उडत नाहीत, इतरांवर ओरडतात. आकाश असं, की जाहिरातीसाठी काढून घ्यावं. कापसाच्या गाठोड्यांसारखे ढग ओळीने. सगळे वर. बाबा मात्र बाकावर बसून म्हणाले, "हवा नाही आज."

"हवा नाही?" नाना म्हणाले. "मग ती पोरं वर काय दोरीला टांगलीत?"

"मला नाही पटत."

मोठ्या अनुभवाने माणसाचे निकष कडक होतात, असं असावं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. रविवारी ते खातच नाहीत, टोस्ट माझ्या ताटलीत सरकवतात. विमानात वजन कमी हवं म्हणून. शिस्त आहे माणसाला.

ते हात धुवायला गेले तेव्हा नाना माझ्याजवळ सरकले. "तुला एक विचारू? तुझा बाप आमच्यातला सगळ्यांत चांगला वैमानिक. मैदान नाकासमोर दिसत असतं, उंची असते हातात, आणि हा वळतो आणि शेतात उतरतो. मी खालून दुर्बिणीने बघतो ना. का करतो असं?"

"वय झालं त्यांचं, नाना."

"माझंही झालं," नाना म्हणाले. "मी नाही कोबीवर उतरत."

मला राग आला. या वयात माणसाला जरा सांभाळून घ्यायला काय जातं?

२० मार्च, बुधवार

ताईचा फोन. तिला नोकरीचं सांगितलं. म्हणाली, "तू गेलीस तर बाबांचं कसं?"

"तेच म्हणतेय मी."

"तुझ्यामुळे उडतात ते. मला म्हणाले होते मागे, ती शेतात न्यायला येते तेव्हा तिच्या गालांवर रंग येतो."

रंग येणारच. उन्हात चिखलातून पंख उचलून बघ म्हणावं.

इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात. मला तर आडातच विहीर दिसते. बाबांचं उडणं हेच त्यांचं आयुष्य, आणि मी ते ओढणारी गाडी. चिडतेसुद्धा कुणावर? एकदाही त्यांनी "ये" म्हणून हट्ट केला नाही. फोन करतात आणि म्हणतात, "उतरलोय. सावकाश ये." हट्टी माणसाशी भांडता तरी येतं.

३० मार्च, शनिवार

हात अजून जड आहेत.

एक गाडी मला बरी वाटली होती. दिसायला दणकट. कागदावर वजन जेमतेम बसत होतं, पण बाकी सगळं छान, आणि मी शोधून थकले होते. विकणारा म्हणाला, ट्रेलर जोडून एक चक्कर मारून बघा. क्लबात जाऊन जोडला. बाबा शेजारी.

गावातून ठीक गेली. महामार्गावरही ठीक. मग नदीवरचा लांब पूल लागला. कठड्यांच्या फटींमधून आडवा वारा, आणि नेमका तेव्हाच एक मोठा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. आधी मला वाटलं, टायर बसला. गाडीचं मागचं अंग कुणीतरी धरून हलवल्यासारखं. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसला, एकदा त्या बाजूला, प्रत्येक वेळी जास्त. कठडा माझ्या खिडकीजवळ आला. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," बाबा म्हणाले. आवाज अगदी घरातला. "पाय काढ. नुसता काढ. स्टिअरिंग सरळ धर, झुंजू नकोस त्याच्याशी. मी आहे."

पाय काढला. ट्रेलर आणखी दोनदा झुलला, मग कमी, मग थांबला. पुलापलीकडे गाडी बाजूला घेतली. बाबा दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. गवतात, सरळ खाली.

मी पाणी दिलं. ते म्हणाले, "आपण गाडी घ्यायलाच नको. कुठलीच."

"असं कसं? मग तुमचं उडणं?"

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मीच नजर वळवली. मला कळलं. विश्वास उडाला त्यांचा माझ्यावर. माझ्या निवडीवर, माझ्या चालवण्यावर. चूक माझीच होती, हलकी गाडी निवडली. म्हटलं, "मी जड गाडी शोधते, बाबा. अशी, की वाऱ्याने तसूभरही हलणार नाही. मी वचन देते."

"बरं," ते म्हणाले. "तुला हवं असेल तर."

मोठ्या मनाचा माणूस. दुसरा असता तर ओरडला असता.

९ एप्रिल, मंगळवार

घेतली. डिझेल, चारही चाकांना जोर, वजन म्हणजे वजन. आधीची मालकीण घोड्यांचा ट्रेलर ओढायची, आत अजून वाळल्या गवताचा वास आहे. आमच्या दारात उभी राहिली तर स्वयंपाकघरात अंधार झाला. केंद्राच्या पार्किंगमध्ये ती शिरत नाही, म्हणजे कामावर बसने. असो.

दुपारी मॅडमना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "कारण?"

"घरचं आहे."

"घरच्यांनी नाही म्हटलं?"

"विचारलं नाही मी," म्हणाले, आणि लगेच वाटलं, हे वाक्य काहीतरी चुकीचं ऐकू आलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. उरलेली दुपार मी खोक्याच्या आतल्या खुर्चीत बसून काढली, तपासणीला कुणी नव्हतं म्हणून. दार लावलं की स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. बसवलेली माणसं बाहेर आल्यावर हुश्श का करतात ते कळलं.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हुकावर हात ठेवला. म्हणाले, "म्हणजे आता उडायलाच हवं."

आवाज घोगरा झाला होता त्यांचा. किती आनंद झाला असेल! निदान एवढं तरी झालं.

१५ एप्रिल, सोमवार

रजा टाकलीय. कालचं लिहायला बसले आणि दोनदा उठले.

काल सकाळी बाबा उडाले. विमानात बसताना त्यांनी माझा हात धरला, जरा जास्तच वेळ. "मजा करा," मी म्हणाले. नानांनी पंख उचलला, दोरी ताणली, गेले. मी नव्या गाडीला ट्रेलर जोडून बसले. फार वेळ गेला नाही, फोन आला. "उतरलोय. गिरणीच्या मागचं शेत. सावकाश ये."

गिरणीच्या मागे जायला दोन रस्ते. मी चुकीचा घेतला. पुढे तो दोन दगडी भिंतींमधली बोळ झाला, आणि बोळीच्या टोकाला फाटक, फाटकाला कुलूप. वळायला जागा नाही. दार पूर्ण उघडत नाही इतकी भिंत जवळ. मागे ट्रेलर, त्यामागे वळण. हाकेला माणूस नाही.

मी काही वेळ नुसती बसले. मग मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही, घरात थोरला माणूस आहे. मग दाराच्या फटीतून अंग चोळत बाहेर आले, मागे जाऊन बघितलं, परत आत घुसले. ट्रेलरचं शेपूट एकीकडे न्यायचं तर स्टिअरिंग दुसरीकडे. हातभर मागे, पुन्हा उतर, बघ, पुन्हा चढ. एका बाजूचा रंग भिंतीला लावला. आरसा गेला. पण निघाले. वळणावरून मागचा भाग बाहेर पडला तेव्हा मी घामाने भिजले होते आणि, खोटं कशाला लिहू, रडत होते.

शेतात पोचले तर ग्लायडर मधोमध, एकदम सरळ, कुठे ओरखडा नाही. पण बाबा बाहेर नव्हते. आतच होते. वरचं काचेचं झाकण बंद, आणि उन्हात ते आतून तापून धुरकटलेलं. मी धावले. टकटक केलं. त्यांनी झाकण उघडलं.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"मग उतरा ना."

"पट्टा सुटत नाहीये." त्यांची बोटं पोटावरच्या कडीवर होती. थरथरत होती, पण दाबत नव्हती. मी हात घालून कडी सोडली. ते तरी उठले नाहीत.

"मैदान दिसत होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"समोर दिसत होतं. उंची होती. सहज पोचलो असतो."

"मग इथे कशाला उतरलात?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे त्या गाडीकडे बघितलं. "तू एवढ्या हौसेने नवी गाडी घेतलीस. म्हटलं, पहिल्याच रविवारी तिला नुसती उभी कशाला ठेवायची."

मला आधी कळलंच नाही. मग शब्द एकेक करून पोचले.

"हौसेने? मी? बाबा, ही गाडी मी तुमच्यासाठी घेतली!"

"मी विचारलं होतं तुला. प्रत्येक वेळी विचारलं. दमलीस का? तू म्हणायचीस, मजा आली."

"मग काय म्हणायचं? तुमचं एवढं एकच सुख. मला शेत आवडत नाही, मला ट्रेलर आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

बाबा म्हणाले, "पहिल्या दिवशी तू हसलीस."

मला काही आठवत नव्हतं. त्यांनी सांगितलं. मी सासरहून परत आले होते. पडदे लावून खोलीत पडून असायचे, जेवायला हाक मारली तर "भूक नाही". त्या रविवारी ते खरंच हवा संपून शेतात उतरले, आणि दुसरं कुणी मिळेना म्हणून मला फोन केला. मी घरातल्या चपलांवर आले. एक गाय ग्लायडरचा पंख चाटत होती आणि बाबा तिला टोपीने हाकलत होते. "तू इतकी हसलीस की खाली बसलीस. कितीतरी महिन्यांनी हसलीस. मग पुढच्या रविवारी मी पुन्हा उतरलो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"सगळ्या वेळा?"

"सगळ्या नाही. काही खऱ्या."

मी विमानाच्या कडेला हात टेकून उभी राहिले. नाना, कोबी, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मी म्हटलं, "आणि पट्टा? हात असे का झालेत?"

"मागच्या वर्षी एका शेतावर विजेच्या तारा होत्या. मला दिसल्या नाहीत. दिसल्या तेव्हा अगदी समोर होत्या. वरून गेलो की खालून, आजही सांगता येत नाही. तेव्हापासून भीती वाटते. रविवारी सकाळी पोटात काही राहत नाही."

"आणि तरी उडता? माझ्यासाठी?"

"नाहीतर तू घराबाहेर कशी पडणार होतीस?"

इथे कुणी म्हणेल, मी त्यांना मिठी मारली असेल. नाही मारली. मी शेताच्या टोकापर्यंत चालत गेले. बांधाला लाथ मारली, पाय दुखावला. मी त्यांना आकाशात ठेवायला स्वतःला जुंपून घेतलं, आणि ते मला जमिनीवर फिरवायला जीव धोक्यात घालत होते. दोघांनाही नको होतं. परत आले तेव्हा ते बाहेर येऊन गवतात उभे होते, टोपी हातात, एखाद्या पोराने काच फोडल्यासारखे.

पंख काढले. एकीकडे ते, एकीकडे मी. "उचल", "सोड", "जरा डावीकडे", एवढंच बोललो. परतीच्या वाटेवर पुलावर वारा होता. गाडी तसूभर हलली नाही.

१७ एप्रिल, बुधवार

राग जात नाही, आणि तो ठेवायला जागा नाही. माझ्यासाठी मरायला निघालेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? पण तारा! त्या तारांना ते अडकले असते तर मी जन्मभर समजले असते, की आवडीचं करता करता गेले. वर लोकांना अभिमानाने सांगितलं असतं.

बाबा घरात दबकून वावरतात. आज स्वयंपाकघरात विचारलं, "दिवा लावू का?" त्या गाडीमुळे आता दुपारीसुद्धा लावावा लागतो.

"विचारता काय? लावा की!" मी खेकसले. त्यांनी दिवा लावला.

२१ एप्रिल, रविवार

मी मॅडमना फोन केला. जागा गेली. दुसऱ्या कुणाला तरी दिली, चांगली आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हाताखालची एक जागा आहे अजून. पण तुला ती कशी देऊ? तू तिला शिकवलं असतंस, ती तुला नाही."

म्हटलं, दोन आठवडे द्या.

उशिराने आलेल्याला मागची खुर्ची, त्यात कुणाचा दोष नाही. तरी जीव जळला.

क्लबात जाऊन बाबांनी नानांना सांगितलं, विमान विकायचं. मला वाटलं नाना आकाश डोक्यावर घेतील. ते नुसते म्हणाले, "सुटलास," आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांचे डोळे भरले. आनंदाने की दुःखाने, मी आता माझ्या मनाने ठरवणार नाही. विचारलं.

"दोन्ही," ते म्हणाले.

२८ एप्रिल, रविवार

घेणारं जोडपं आलं. दोघं शाळेत शिकवतात, क्लबात नवीन, डोळ्यांत नुसतं आकाश. ग्लायडरभोवती पिंगा घालत होते. मी विचारलं, "ओढणार कशाने?" त्याने लाडाने आपल्या छोट्या गाडीकडे बोट केलं.

मी तिचं दार उघडलं, आतली पट्टी दाखवली. मग वजन, वारा, पूल, ट्रक. बायको ऐकत गेली तसा तिचा चेहरा पडत गेला. नवरा म्हणाला, "सावकाश चालवू."

"सावकाश चालवून वजन वाढत नाही," मी म्हणाले. "आणि ओढणार कोण? तुमच्यातलं शेतात न्यायला कोण जाणार?"

"आलटून पालटून," ती लगेच म्हणाली. "एक रविवार मी उडणार, एक हा."

"तसं ठरलंय खरंच? की तुम्ही याला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

ती चक्रावली. "मीच आणलंय याला इथे. याला उंचीची भीती वाटते."

"कमी झालीय आता," नवरा म्हणाला.

बाबा खोकत बाजूला झाले. मला कळलं, हसतायत.

शेवटी ती माझीच गाडी त्यांनी घेतली, तुटक्या आरशासकट. पुढच्या शनिवारी न्यायची म्हणाले.

४ मे, शनिवार

गेली. तिने चालवली, तो शेजारी नकाशा धरून. ट्रेलर कोपऱ्यावरून नीट वळला. मी श्वास धरून बघत होते, बाबाही. मग दोघे घरात आलो. स्वयंपाकघरात भर दुपारचं ऊन, टेबलावरचे डाग दिसायला लागले.

५ मे, रविवार

सकाळी दोघेही सवयीने लवकर उठलो. जायचं कुठेच नव्हतं. बाबांनी बूट घातले, काढले. मी डबा भरायला घेतला आणि ठेवून दिला. खिडकीतून आकाश दिसत होतं, चांगलं होतं.

समोरासमोर चहा घेत बसलो. मी म्हटलं, "आता काय करणार तुम्ही रविवारी?"

"माहीत नाही." मग थोड्या वेळाने, "सुचत नाही. घर मोठं वाटतंय."

पूर्वी ते म्हणाले असते, बरंय की, आराम. आणि मी म्हणाले असते, हो ना. हे उत्तर नवीन होतं. मग मीही बोलले. समुद्राकाठच्या नोकरीचं सगळं सांगितलं. पहिली जागा, माझा नकार, ती गेली ते, आता हाताखालची उरलीय ते. त्यांनी मध्ये तोडलं नाही. कप दोन्ही हातांत धरून ऐकलं.

"पहिली जागा माझ्यामुळे गेली," ते म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही मी. त्यामुळे गेली."

"ही घ्यायची आहे तुला?"

"हो. मोठी जागा नाही. तरी हवीय."

"मग घे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कामावर माणसांकडे बघते तशी. ऐकू न येता बटण दाबलं की काय?

"खरं सांगताय?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "तू जाऊ नयेस असं वाटतं मला. मला एकट्याला करमणार नाही, आणि भीतीही वाटते. पण घे."

मी त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला. ते उठून दुसऱ्या खोलीत गेले नाहीत. शेवटपर्यंत बसून ऐकलं.